इंटरनेट वाटा, लॅपटॉप नको : घरच्या वायफायवरची उपकरणे एकमेकांपासून वेगळी कशी ठेवावीत?

शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस होते. या दिवसांत आमच्या दोन खोल्यांच्या घरात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. वस्तीतली मुलं-मुली जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान असे सगळे कागद फोनमध्ये काढून आणतात. कुणाचा डेटा संपलेला असतो, कुणाच्या फोनला रेंज नसते. म्हणून वायफायचा पासवर्ड मी दारामागे कागदावर लिहून चिकटवला होता. फोनमधले कागद लॅपटॉपवर घ्यायला सोपं जावं म्हणून लॅपटॉपवर एक फोल्डर सगळ्यांसाठी खुलं केलं होतं आणि त्याला पासवर्ड मागणारी सोय बंद केली होती. अर्ज भरून झाले, हंगाम संपला. फोल्डर मात्र तसंच खुलं राहिलं.

काही महिन्यांनी बारावीतला एक मुलगा फोन हातात धरून माझ्याकडे आला. "ताई, हे सगळ्यांचे दाखले माझ्या फोनवर कसे काय दिसतायत?"

त्याने काहीही हॅक केलं नव्हतं. फोनमधल्या फाइल मॅनेजरमध्ये 'नेटवर्क' असं लिहिलेलं होतं, ते त्याने सहज दाबलं. फोनने आजूबाजूला कोण आहे ते शोधलं आणि माझा लॅपटॉप दाखवला. लॅपटॉपमध्ये ते फोल्डर, आणि फोल्डरमध्ये चाळीसहून अधिक कुटुंबांची कागदपत्रं. त्यातच मी एका ताईच्या कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारीची प्रतही घाईत ठेवली होती. त्या ताईच्या सासरचा एक मुलगाही याच वायफायवर अभ्यास करायला येत असे.

सुदैवाने त्याच्या आधी या मुलाने ते पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. मी समाजशास्त्र शिकले आहे, संगणक नाही. तरी लोक विश्वासाने ज्यांच्या हातात कागद ठेवतात त्यांना 'मला त्यातलं काही कळत नाही' असं म्हणता येत नाही. त्यानंतर मी जे शिकले, विचारलं आणि घरी करून पाहिलं, ते आपल्यासारखंच काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आणि घरातलं नेट शेजारपाजाऱ्यांना देणाऱ्या सगळ्यांसाठी इथे मांडते आहे.

वाड्याचा दरवाजा आणि आतल्या खोल्या

आपण वायफायचा पासवर्ड ठेवतो तेव्हा आपल्याला वाटतं, घराला कुलूप लावलं. ते खरंही आहे, पण अर्धंच.

जुन्या वाड्याची कल्पना करा. बाहेर एक भक्कम दिंडी दरवाजा, आत चौक, आणि चौकाभोवती खोल्या. दरवाजा बंद असला की रस्त्यावरचा माणूस आत येत नाही. पण ज्याला एकदा आत घेतलं तो चौकात फिरू शकतो, कुठल्याही खोलीचं दार वाजवू शकतो, आणि एखाद्या खोलीला कडी नसेल तर आतही जाऊ शकतो. वायफायचा पासवर्ड म्हणजे हा दिंडी दरवाजा. आतल्या खोल्यांच्या कड्यांशी त्याचा संबंध नाही.

घरात कोपऱ्यात लुकलुकणारी ती पेटी एकाच वेळी बरीच कामं करते. इंटरनेट कंपनी आपल्याला सहसा बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता देते. राउटर त्या एका पत्त्यामागे घरातल्या प्रत्येक उपकरणाला आतला एक खासगी पत्ता वाटतो. १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे आपण फोनच्या सेटिंगमध्ये पाहिले असतील, तेच हे पत्ते. आतून कुणी मागितल्याशिवाय बाहेरून आलेलं काही राउटर सहसा आत सोडत नाही. म्हणून बाहेरच्या जगापासून थोडंफार संरक्षण आपोआप मिळतं.

आतल्या उपकरणांनी मात्र एकमेकांना सहज सापडावं, अशीच या व्यवस्थेची रचना आहे. प्रिंटर 'मी इथे आहे' असं सारखं ओरडत असतो. टीव्ही ओरडतो, म्हणून तर यूट्यूबवरचा व्हिडिओ फोनवरून टीव्हीवर पाठवायचं चिन्ह आपल्याला दिसतं. लॅपटॉप 'अमुक पत्ता कुणाचा?' असं सगळ्यांना विचारतो आणि ज्याचा असेल तो उत्तर देतो. ही सगळी बोलणी एकमेकांवरच्या विश्वासावर चालतात. उत्तर देणारा खरं बोलतो आहे का, हे तपासायची सोय त्यात नाही. त्यामुळे एखादं उपकरण 'राउटर मीच आहे' असं खोटं सांगून दुसऱ्याची वाहतूक आपल्याकडे वळवूही शकतं. आज बहुतेक संकेतस्थळं आणि ॲप मजकूर कुलूपबंद करूनच पाठवतात, त्यामुळे वळवलेलं सगळं वाचता येतंच असं नाही. पण आपण कोणत्या साइटवर जातो, एवढं अनेकदा कळू शकतं.

माणूस चांगला, पण त्याचा फोन?

इथे कुणी म्हणेल, आपल्या घरी येणारी मुलं आपलीच आहेत, त्यांच्यावर संशय कसा घ्यायचा? मीही हेच म्हणत होते. पण प्रश्न माणसाच्या नियतीचा नाही. त्याच्या फोनमध्ये काय शिरलं आहे, हे बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसतं. कुठून तरी आलेली एपीके फाइल उघडून टाकलेलं ॲप, वर्षानुवर्षं अपडेट न मिळालेला जुना अँड्रॉइड फोन, दुरुस्तीच्या दुकानातून आलेला सेकंडहँड लॅपटॉप, हे सगळं आपल्या चौकात येऊन बसतं.

आणि माणसांपेक्षा वस्तू अधिक काळजीच्या. एकदा बसून मोजा, घरच्या वायफायवर काय काय आहे. मी मोजलं तेव्हा आमच्या घरचे तीन फोन, लॅपटॉप, प्रिंटर, टीव्ही, दारावरचा स्वस्तातला कॅमेरा आणि शेजारच्या काकूंच्या घरातले चार फोन एवढे निघाले. त्यातल्या कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड आम्ही कधीच बदललेला नव्हता.

२०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने जगाला हाच धडा दिला. त्याने इंटरनेटवर उघडे पडलेले कॅमेरे, सीसीटीव्हीचे रेकॉर्डर, घरगुती राउटर शोधले आणि कंपनीने कारखान्यात घालून दिलेले साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्ड त्यांच्यावर लावून पाहिले. त्या उपकरणांच्या मालकांना काही कळलंही नाही, कॅमेरा नेहमीसारखाच चालत होता. अशा हजारो उपकरणांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी 'डिन' या अमेरिकी कंपनीवर वाहतुकीचा एवढा लोंढा सोडला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांना उघडेनाशा झाल्या. आपल्यासाठी त्यातला मुद्दा असा, की बिघडलेला कॅमेरा घराच्या आत बसलेला असतो आणि दिंडी दरवाजा त्याला अडवत नाही.

मग उपाय काय? नेट देणं बंद करायचं? मुळीच नाही. एका जोडणीवर पाच घरांचा अभ्यास होत असेल तर तो झालाच पाहिजे. पण इंटरनेट वाटणं आणि आपली उपकरणं एकमेकांसमोर उघडी टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची फारकत राउटरलाच करता येते, आणि बहुतेक वेळा फुकटात.

'आयसोलेशन' म्हणजे नेमकं काय?

एक गोष्ट मला नव्याने कळली. घरच्या वायफायवर शेजारी-शेजारी ठेवलेले दोन फोन एकमेकांशी थेट बोलत नाहीत. पहिला फोन राउटरला सांगतो, राउटर दुसऱ्याला सांगतो. एकाच खाटेवर बसलेल्या दोन जणांची चिठ्ठीसुद्धा पोस्टातून फिरून येते म्हणा ना.

चिठ्ठी पोस्टातूनच जाणार असेल, तर पोस्टमनला सांगता येतं : 'या घरातली पत्रं बाहेरगावी जाऊ देत, बाहेरून आलेली उत्तरंही आत येऊ देत, पण घरातल्या घरात कुणी कुणाला पाठवलं तर ते टाकून दे.' बस, एवढंच. यालाच एपी आयसोलेशन, क्लायंट आयसोलेशन किंवा वायरलेस आयसोलेशन म्हणतात. कंपनीगणिक नाव बदलतं, काम तेच. चांगल्या हॉटेलात किंवा विमानतळावर वायफाय घेतलं तर शेजारच्या प्रवाशाचा लॅपटॉप आपल्याला सहसा दिसत नाही, तो या सोयीमुळे.

घरी हे करायचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग : पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क

बहुतेक घरांसाठी हाच मार्ग पुरेसा आहे. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं. एकाच पेटीतून दोन नावांची वायफाय निघतात. एकावर घरची आणि कामाची उपकरणं ठेवायची, दुसऱ्यावर पाहुणे, शेजारी, अभ्यासाला येणारी मुलं. पाहुण्यांना इंटरनेट मिळतं, घरची उपकरणं दिसत नाहीत.

करायचं असं : राउटरच्या पोटावरचं लेबल पाहा. त्यावर सेटिंगच्या पानाचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. हे आकडे इंग्रजीत ब्राउझरमध्ये टाका. युजरनेम-पासवर्ड त्याच लेबलवर असतो. आत गेल्यावर सर्वांत आधी हा ॲडमिन पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा. हा ज्याच्याकडे आहे तो आपण केलेली सगळी तटबंदी दोन मिनिटांत पाडू शकतो.

मग वायरलेसच्या भागात गेस्ट नेटवर्क चालू करा. त्याला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्या, आणि सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए३ मिळत असेल तर ते, नाहीतर डब्ल्यूपीए२ निवडा. पासवर्ड न ठेवता उघडं सोडू नका. आता नीट पाहायची जागा : अनेक राउटरवर इथे दोन चौकटी असतात. एक, पाहुण्यांना घरचं नेटवर्क वापरू द्यायचं का? दोन, पाहुण्यांनी एकमेकांना पाहायचं का? दोन्ही ठिकाणी उत्तर 'नाही' हवं. पहिल्या चौकटीने आपला लॅपटॉप वाचतो, दुसरीने काकूंचा फोन त्या बारावीतल्या मुलाच्या फोनपासून वाचतो. आपण फक्त स्वतःचं पाहिलं आणि पाहुण्यांना एकमेकांसमोर उघडं टाकलं, असं व्हायला नको.

फायबरच्या जोडणीसोबत कंपनीने दिलेल्या पेटीत 'गेस्ट' हा शब्द सापडणार नाही कदाचित. काही पेट्यांत एसएसआयडी१, एसएसआयडी२ अशी यादी असते. एसएसआयडी म्हणजे वायफायचं नाव. दुसरं नाव चालू करता येतं, पण सावध राहा : नाव दुसरं म्हणजे नेटवर्क वेगळं असं नाही. आयसोलेशनची चौकट टिचकवली नसेल तर दोन्ही नावं एकाच चौकात उघडतात. सेटिंगचं पानच बंद ठेवलं असेल तर कंपनीच्या माणसाला बोलावून हे करून मागा. जोडणीचे पैसे आपण भरतो, मागायला संकोच नको.

दुसरा मार्ग : मुख्य वायफायवरच आयसोलेशन

काही राउटरमध्ये प्रगत सेटिंगमध्ये एपी आयसोलेशनची एकच चौकट असते आणि ती पूर्ण वायफायला लागू होते. टिचकवली की त्यावरचं कुठलंच वायरलेस उपकरण दुसऱ्याला दिसत नाही. जिथे सगळे फक्त इंटरनेटपुरतेच येतात, उदाहरणार्थ अभ्यासिकेत, तिथे हे उत्तम. घरात मात्र वायफायवरचा प्रिंटर छापायचा थांबतो, फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ जात नाही, आणि मग घरातलं कुणीतरी वैतागून चौकट पुन्हा काढून टाकतं.

आणखी एक. ही सोय वायरलेस उपकरणांची आपापसातली बोलणी थांबवते. राउटरला केबलने जोडलेला डेस्कटॉप किंवा सीसीटीव्हीचा रेकॉर्डर तरीही दिसू शकतो. काही राउटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांसाठी चौकटही दोन ठिकाणी असते. एका ठिकाणी टिचकवून दुसरीकडे राहिली तर काम अर्धवट राहतं.

तिसरा मार्ग : दोन राउटर

घरात जुना राउटर पडून असेल तर त्याचा उपयोग होतो, पण इथे बहुतेक जण क्रम चुकवतात. कंपनीच्या मुख्य पेटीवर आपण राहतो आणि जुना राउटर तिला जोडून तो पाहुण्यांना देतो. वाटतं, वेगळं झालं. प्रत्यक्षात उलटं होतं. राउटर आतल्याला बाहेर जाऊ देतो आणि बाहेरच्याला आत येऊ देत नाही. पाहुणे दुसऱ्या राउटरच्या आत असतील, तर त्यांच्यासाठी आपलं घरच 'बाहेर' ठरतं आणि ते तिथवर पोचू शकतात.

म्हणून पाहुणे पहिल्या पेटीवर ठेवा आणि आपली कामाची उपकरणं दुसऱ्या, आतल्या राउटरवर. पहिल्या पेटीतून येणारी केबल दुसऱ्याच्या 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेल्या खाचेत घाला आणि तो राउटर म्हणूनच चालवा. 'ॲक्सेस पॉइंट' प्रकारात चालवला तर भिंत राहतच नाही. पाहुण्यांचं एकमेकांपासून संरक्षण करायला पहिल्या पेटीवर आयसोलेशन लागेलच.

संस्थेचं कार्यालय किंवा मोठी अभ्यासिका असेल तर 'व्हीलॅन' नावाची पद्धत आहे. त्यात एकाच तारेवरून आणि एकाच यंत्रणेतून अनेक वेगळी नेटवर्कं चालवतात. त्यासाठी तशी उपकरणं आणि जाणकार माणूस लागतो. तिथे अर्धवट ज्ञानावर प्रयोग करू नयेत.

टिचकवलं म्हणजे झालं, असं नाही

आंदोलनात निवेदन दिलं म्हणजे काम झालं असं आपण मानत नाही, पाठपुरावा करतो. इथेही तसंच.

चाचणीची रीत अशी. आधी फोन आणि लॅपटॉप दोन्ही घरच्याच वायफायवर घ्या. फोनमध्ये नेटवर्कवरची उपकरणं दाखवणारं एखादं ॲप टाका, 'फिंग' त्यातलं एक. लॅपटॉप, प्रिंटर, टीव्ही दिसतात का ते पाहा आणि लॅपटॉपवरचं खुलं फोल्डर उघडून पाहा. नंतर फोन पाहुण्यांच्या वायफायवर न्या आणि तेच पुन्हा करा. आधी जे दिसत होतं ते आता दिसेनासं झालं पाहिजे. आधीची पायरी गाळू नका. काही लॅपटॉप मुळातच हाकेला उत्तर देत नाहीत, विंडोजची फायरवॉल अनेकदा 'पिंग' अडवते. म्हणजे उत्तर आलं नाही ते आयसोलेशनमुळे की लॅपटॉपच्या सवयीमुळे, हे पहिल्या पायरीशिवाय कळत नाही.

त्यानंतर पाहुण्यांच्या वायफायवरून राउटरच्या सेटिंगचं पान उघडतं का तेही पाहा. उघडत असेल तर ॲडमिन पासवर्ड मजबूत असणं आणखी महत्त्वाचं. मग दोन फोन पाहुण्यांच्या वायफायवर घेऊन ते एकमेकांना दिसतात का ते तपासा. दोन्ही पट्ट्यांवर एकेकदा करा. राउटर रीसेट झाला, बदलला किंवा त्याचं अपडेट आलं, की चाचणी पुन्हा.

हे सगळं स्वतःच्या नेटवर्कवर, स्वतःच्या किंवा परवानगी दिलेल्यांच्या उपकरणांवरच. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय शिरलं तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली भरपाई द्यावी लागू शकते, आणि ते अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं असेल तर कलम ६६ खाली तो गुन्हा ठरतो आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'गंमत म्हणून पाहिलं' म्हटल्याने भरपाईची जबाबदारी टळत नाही.

काय बंद पडेल आणि त्यावर तोड

प्रिंटर घरच्या नेटवर्कवर ठेवा. पाहुण्यांना छापायचं असेल तर फाइल आपल्याला पाठवू द्या. टीव्ही कुठे ठेवायचा हे घरात बोलून ठरवा. तो पाहुण्यांकडे गेला तर घरच्या फोनवरून त्यावर व्हिडिओ जाणार नाही, पण टीव्हीतलं स्वतःचं यूट्यूब चालेल. आम्ही टीव्ही पाहुण्यांकडे टाकला.

मोबाईल ॲपवर पाहायचा कॅमेरा पाहुण्यांच्या नेटवर्कवर सहसा नीट चालतो, कारण त्याचं चित्र कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येतं. मात्र कॅमेरा घरातल्याच रेकॉर्डरवर साठवत असेल तर दोघं एकमेकांना दिसायला हवेत, त्यांना वेगळं करू नका. अशी उपकरणं पहिल्यांदा जोडताना फोन त्यांच्याच वायफायवर लागतो. तेवढ्यापुरता फोन तिकडे न्यायचा आणि परत आणायचा.

या भिंतीच्या मर्यादा

आयसोलेशन केलं म्हणजे सगळं सुरक्षित झालं, असं सांगणारा तुम्हाला फसवतो आहे.

एक, वायफाय हवेतून जातं. राउटरने पत्र पोचवलं नाही तरी हवेतली लहर शेजारचं उपकरण ऐकू शकतं. घरगुती डब्ल्यूपीए२ मध्ये ज्याला पासवर्ड ठाऊक आहे आणि ज्याने एखाद्या फोनची जोडणी होतानाची बोलणी टिपून ठेवली आहेत, तो त्या फोनची वायफायवरची वाहतूक उलगडू शकतो. ॲप आणि संकेतस्थळांची स्वतःची कुलूपं त्यानंतरही शिल्लक असतात, हे खरं. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ ने ही त्रुटी दूर केली. म्हणूनच पाहुण्यांचा पासवर्ड वेगळा हवा. एकच पासवर्ड दोन्हीकडे ठेवणं म्हणजे भिंत बांधून किल्ली भिंतीवरच टांगणं.

दोन, एकाच वायफायवरच्या सगळ्यांकडे सामायिक घोषणांसाठी एक सामायिक किल्ली असते. ती वापरून आतलाच एखादा राउटरच्या आवाजात बोलू शकतो आणि राउटरला पत्ताही लागत नाही. २०१० मध्ये एअरटाइट नेटवर्क्स या कंपनीच्या संशोधकाने हे दाखवून दिलं. या कंपनीचं काम पुण्यातही चालत असे. वायफायच्या मानकाच्या १९६ व्या पानावर या किल्लीची ही मर्यादा नोंदलेली होती, म्हणून या त्रुटीला 'होल १९६' असं नाव पडलं. वेगळ्या नावाचं खरंखुरं वेगळं नेटवर्क असेल तर ही किल्लीही वेगळी असते. एकाच वायफायवर एक चौकट टिचकवण्यापेक्षा वेगळं नेटवर्क बरं, याचं हे एक कारण.

तीन, कॅमेरा त्याच्या कंपनीला काय पाठवतो, फोनमधलं ॲप कुणाला काय सांगतं, यावर आयसोलेशनचा काडीचाही परिणाम होत नाही.

चार, जोडणी तुमच्या नावावरच राहते. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी माध्यमांना गेलेला ई-मेल नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटच्या जोडणीवरून गेल्याचं निघालं. तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाची चौकशी झाली, त्याचं वायफाय दुसऱ्याच कुणी वापरलं होतं. पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क केलं तरी बाहेरच्या जगाला पत्ता आपलाच दिसतो. त्यामुळे पासवर्ड दाराला चिकटवू नका, ज्याला द्याल त्याला ओळखून द्या आणि ठरावीक काळाने बदला. काही गैरप्रकार लक्षात आला किंवा फसवणूक झाली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा.

आणि पाचवी, माझ्यासाठी सगळ्यांत मोठी मर्यादा : राउटरने भिंत बांधली म्हणून माझं खुलं फोल्डर बरोबर ठरत नाही. सगळ्यांसाठी खुली केलेली फोल्डरं बंद करा. 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' पुन्हा चालू करा. काम झालेले कागद ठेवूच नका. जे ठेवायलाच हवेत ते कुलूपबंद ठेवा.

कागद कुणाचे?

आपल्याकडे येणारा माणूस आधार, दाखला, एफआयआरची प्रत, दवाखान्याचे कागद हे सगळं न विचारता देतो. तहसील कचेरीत तोच माणूस दहा वेळा विचारतो, 'कशाला हवंय?' आपल्याला विचारत नाही, कारण आपण त्याला आपले वाटतो. त्याने संमती दिली ती अर्ज भरण्यापुरती. त्याचं उत्पन्न, त्याच्या बायकोची तक्रार, त्याच्या मुलीचा फोन नंबर आपल्या वायफायवर येणाऱ्या प्रत्येकाला दिसावा, अशी संमती त्याने दिलेली नाही. एखाद्या ताईच्या तक्रारीची प्रत चुकीच्या फोनवर दिसली, तर ती ताई पुन्हा कुणाकडेच जाणार नाही. तिच्या घरी काय होईल ते वेगळंच.

त्या प्रसंगानंतर मी ज्यांचे कागद त्या फोल्डरमध्ये होते त्यांना एकेक करून भेटले आणि काय झालं ते सांगितलं. अवघड गेलं. दोन-तीन जण रागावले, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. त्या ताईला सांगताना सर्वांत जास्त वेळ लागला. तिने एवढंच विचारलं, "आता दिसत नाही ना?" त्या एका प्रश्नाला खात्रीने 'नाही' म्हणता यावं म्हणून मी वर लिहिलेली चाचणी तिच्यासमोर करून दाखवली.

आता आमच्या घरी दोन वायफाय आहेत. दाराला कागद नाही, पासवर्ड मी तोंडी सांगते आणि अर्जांचा हंगाम संपला की बदलते. सगळं लावायला एक संध्याकाळ गेली, आणि ते लावायला मला त्याच बारावीतल्या मुलाने मदत केली. नंतर तो शेजारच्या दोन घरांतही करून आला.

तुमच्या वस्तीत, तुमच्या अभ्यासिकेत, तुमच्या कार्यालयात हे करायला येत्या रविवारचा एक तास काढा. आधी उपकरणं मोजा, मग ॲडमिन पासवर्ड बदला, पाहुण्यांचं नेटवर्क चालू करा, खुली फोल्डरं बंद करा आणि शेवटी दोन फोन घेऊन तपासून पाहा. ज्याला हे जमेल त्याने आणखी एका घरात करून द्यावं.